वाकणाऱ्या पेरोव्हस्काइट सौरघटासाठी चांगला स्फटिक कसा वाढवावा: आधाराच्या शीटपासून वाकवण्याच्या चाचणीपर्यंत

मनगटावरचा नाडीमापक, कपड्यात बसवलेला तापमानाचा सेन्सर, कानामागचं श्रवणयंत्र अशा उपकरणांना वीज थोडी लागते, पण दिवसभर लागते. इथं पेरोव्हस्काइट, म्हणजे शिसं आणि आयोडीन असलेला, प्रकाशापासून वीज बनवणारा स्फटिकी पदार्थ, फार उपयोगी ठरतो. अर्धा मायक्रॉन जाडीचा थर बहुतेक दृश्य प्रकाश शोषून घेतो, तो द्रावणातून १०० अंश सेल्सिअसच्या आसपास तयार होतो आणि खोलीतल्या मंद प्रकाशातही चांगली वीज देतो. २००९ साली ३.८ टक्क्यांपासून सुरू झालेली या पदार्थाची कार्यक्षमता काचेवर आता २६ टक्क्यांच्या पुढे गेली आहे. प्लॅस्टिकवरचे लहान घटही २४ टक्के ओलांडून गेले आहेत. म्हणजे सुरुवातीच्या कार्यक्षमतेतली दरी फारशी उरलेली नाही. खरा प्रश्न असा की हजारदा वाकल्यावर, घामट हवेत राहिल्यावर तोच स्फटिक तसाच राहतो का?

म्हणून 'चांगला स्फटिक' म्हणजे काय हे आधी ठरवून घ्यावं. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या चित्रात मोठे ग्रेन (थर ज्यांचा बनतो ते स्फटिकाचे कण) दिसले की काम झालं, असं बऱ्याच ठिकाणी धरलं जातं. वाकणाऱ्या घटासाठी एवढं पुरत नाही, असं माझं ठाम मत आहे. ग्रेन थराच्या तळापासून माथ्यापर्यंत सलग हवा, तळाशी पोकळ्या नकोत, थरात अडकलेला ताण कमी हवा आणि ग्रेनच्या सीमा बांधलेल्या हव्यात. फरश्या कितीही मोठ्या बसवल्या तरी सांधे भरलेले नसतील तर पाणी तिथूनच मुरतं. इथंही तडा आणि बाष्प दोन्ही सीमेवरूनच शिरतात.

पुढची पद्धत प्रयोगशाळेतल्या लहान घटासाठी आहे. पीईएन किंवा पीईटी या प्लॅस्टिकची शीट, तिच्यावर आयटीओ (वीज वाहून नेणारा पारदर्शक इलेक्ट्रोड), त्यावर होल (धनभार) वाहून नेणारा थर, मग पेरोव्हस्काइट आणि वर इलेक्ट्रॉन वाहून नेणारा थर, अशी रचना धरली आहे.

हात घालण्याआधी

शिशाची संयुगं विषारी आहेत. डीएमएसओ हा द्रावक त्वचेतून सहज आत जातो आणि सोबत विरघळलेलं काहीही घेऊन जातो. डीएमएफ हा दुसरा द्रावक प्रजननसंस्थेला घातक आहे, आणि साधे नायट्राइल हातमोजे त्याला फार वेळ अडवत नाहीत. थेंब पडला की मोजे लगेच बदला. पावडरी फ्यूम हूडमध्ये किंवा ग्लोव्हबॉक्समध्येच (कोरडा वायू भरलेल्या बंद पेटीतच) तोला. पुसलेले टिश्यू, पिपेटची टोकं, बिघडलेल्या फिल्म हे सगळं शिशाच्या कचऱ्याच्या वेगळ्या डब्यात जातं. सिंकमध्ये काहीही नाही.

पायरी १: शीट सपाट, कोरडी आणि आधीच आकसलेली हवी

प्लॅस्टिकवरची निम्मी दुखणी रसायनाची नसतात, शीटची असतात. पीईटीचं काच-संक्रमण तापमान (ज्याच्या पुढे प्लॅस्टिक मऊ पडतं ते) ७० ते ८० अंशांच्या आसपास असतं, पीईएनचं सुमारे १२०. त्याच्यावर तापवलं की शीट मऊ पडते, आकसते, कडा उचलल्या जातात. फिल्म बनवताना शीट पहिल्यांदाच आकसली तर तो सगळा ताण कोवळ्या स्फटिकात जातो. यावर उपाय साधा आहे. अ‍ॅनीलिंगला (फिल्म तापवून स्फटिक पक्का करण्याला) जे तापमान वापरणार आहात त्याहून थोड्या जास्त तापमानाला शीट अर्धा ते एक तास मोकळी ठेवून आधीच आकसू द्या. शक्य असेल तर उष्णतेने स्थिर केलेली शीटच घ्या. आकसणं संपल्यावर मापात कापा.

धुण्यासाठी सौम्य डिटर्जंट, शुद्ध पाणी आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल पुरेसं आहे. अल्ट्रासॉनिक बाथमध्ये शीट फार वेळ ठेवू नका, नाहीतर आयटीओला सूक्ष्म तडे जातात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, पण शीटचा रोध वाढलेला आढळतो. म्हणून धुण्याआधी आणि नंतर रोध मोजायची सवय लावा. प्लॅस्टिक पाणी धरून ठेवतं, तेव्हा धुतल्यावर ओव्हनमध्ये काही तास वाळवल्याशिवाय शीट ग्लोव्हबॉक्समध्ये नेऊ नका.

मग ही शीट काचेच्या तुकड्यावर चिकटवा. स्पिन कोटरची (शीट वेगाने फिरवून द्रावण पसरवणाऱ्या यंत्राची) निर्वात पकड पातळ शीटला मधोमध खाली ओढते आणि फिल्मवर गोल डाग उमटतो. काचेचा आधार असला की तो उमटत नाही. चिकटवण्यासाठी पीडीएमएसचा (सिलिकोन रबराचा) पातळ थर मला सर्वांत चांगला वाटतो. शीट त्याला आपसूक धरते आणि शेवटी ओढाताण न करता सुटते. दुहेरी टेपही चालते, पण तिचा गोंद तापल्यावर वायू सोडतो आणि खाली हवेचे बुडबुडे राहतात. बुडबुडा राहिला की तेवढ्या जागी उष्णता उशिरा पोहोचते. अ‍ॅनीलिंगनंतर फिल्मवर फिकट ठिपके दिसले तर रसायनाला दोष देण्याआधी शीट उलटी करून बुडबुडे शोधा.

पायरी २: तळाचा थर

प्लॅस्टिकवरचा आयटीओ कमी तापमानाला बसवलेला असतो. त्यामुळे तो काचेवरच्यापेक्षा खडबडीत आणि कमी स्फटिकी असतो. त्यावर कार्बाझोल-फॉस्फोनिक अ‍ॅसिडच्या रेणूंचा एकपदरी थर बसवायचा असेल तर पृष्ठभागावर हायड्रॉक्सिल गट भरपूर हवेत. दहा-पंधरा मिनिटं यूव्ही-ओझोन द्या, लगेच रेणूंचं पातळ इथेनॉल द्रावण पसरवा, १०० अंशांना दहा मिनिटं ठेवा आणि न चिकटलेले रेणू इथेनॉलने धुऊन काढा. आयटीओ फारच खडबडीत असेल तर आधी निकेल ऑक्साइडच्या नॅनोकणांचा पातळ थर देऊन त्यावर हे रेणू बसवणं जास्त भरवशाचं ठरतं.

इथं एक झटपट चाचणी करून घ्या: पृष्ठभागावर डीएमएफचा थेंब ठेवा. तो पसरला तर पुढे जा. गोळा होऊन बसला तर पेरोव्हस्काइटचं द्रावणही तसंच आक्रसेल आणि फिल्ममध्ये भोकं राहतील. मिथिल गट असलेले काही रेणू विद्युतदृष्ट्या उत्तम असले तरी द्रावणाला दूर लोटतात. त्यांच्यात थोडे जलस्नेही रेणू मिसळावे लागतात.

पायरी ३: रचना आणि द्रावण

नुसत्या फॉर्मामिडिनियम लेड आयोडाइडला (लेड म्हणजे शिसं) काळ्या, म्हणजे प्रकाश नीट शोषणाऱ्या, अवस्थेत यायला १५० अंशांच्या आसपास तापमान लागतं. पीईटीला ते झेपत नाही. मिथिल अमोनियम लेड आयोडाइड १०० अंशांना दहा मिनिटांत तयार होतो, पण उष्णतेत आणि ओलाव्यात लवकर विघटित होतो. अंगावर वापरायच्या वस्तूसाठी मी तो सुचवणार नाही. फॉर्मामिडिनियममध्ये सिझियम मिसळणं हा मधला मार्ग आहे. सिझियमचा लहान आयन जाळी थोडी आवळतो आणि काळी अवस्था कमी तापमानाला स्थिर होते.

एक मिलिलीटर द्रावकासाठी, १.२ मोलर धरून, फॉर्मामिडिनियम ८३ टक्के आणि सिझियम १७ टक्के या रचनेचं माप असं: लेड आयोडाइड ५५३ मिलिग्रॅम, फॉर्मामिडिनियम आयोडाइड १७१ मिलिग्रॅम, सिझियम आयोडाइड ५३ मिलिग्रॅम. द्रावक म्हणून डीएमएफ चार भाग आणि डीएमएसओ एक भाग. त्यात लेडच्या १० मोल टक्के, म्हणजे ८ मिलिग्रॅम, मिथिल अमोनियम क्लोराइड घाला. हे क्लोराइड मधल्या अवस्थांना आधार देतं, वाढीला दिशा देतं आणि अ‍ॅनीलिंगमध्ये बहुतांश उडून जातं. प्रमाण वाढवलं की ग्रेन मोठे होतात, पण निघून जाणारा वायू मागे पोकळ्या ठेवू शकतो. प्लॅस्टिकवर आपण कमी तापवतो, त्यामुळे ते पूर्ण निघूनही जात नाही. म्हणून १० टक्क्यांपासून सुरुवात करा.

मिश्रण ६० ते ७० अंशांना ढवळा, पूर्ण स्वच्छ झाल्यावर ०.२ मायक्रॉनच्या पीटीएफई फिल्टरमधून गाळा. न विरघळलेला एखादा कणही नको तिथे स्फटिकाचं बीज होतो. द्रावण ताजं वापरा.

घट मुख्यतः खोलीतल्या दिव्यांखाली चालणार असेल तर काही आयोडाइडऐवजी ब्रोमाइड घालून ऊर्जापट्टीतलं अंतर वाढवणं योग्य ठरतं. मात्र ब्रोमाइड एकपंचमांशाच्या पुढे गेलं की प्रकाशात आयोडाइड आणि ब्रोमाइड वेगवेगळे गोळा होऊ लागतात, आणि स्फटिक जितका सदोष तितकं हे लवकर घडतं.

पायरी ४: बीज पडण्याचा क्षण

सगळ्यात जास्त लक्ष इथं द्यावं. द्रावक उडत जातो तशी द्रावणाची तीव्रता वाढते, ती संपृक्ततेच्या पुढे जाते आणि एका उंबरठ्यानंतर स्फटिकाची बीजं पडतात. बीजं एकदम आणि सगळीकडे पडली तर थर दाट आणि गुळगुळीत होतो. रेंगाळत पडली तर पहिली बीजं आसपासचा सगळा माल ओढून घेतात, फांद्यांसारखे स्फटिक वाढतात आणि मधे उघडी जागा राहते. अँटीसॉल्व्हंट (पेरोव्हस्काइट ज्यात विरघळत नाही असा द्रव) टाकण्यामागे हाच हेतू आहे: तो डीएमएफ खेचून घेतो आणि संपूर्ण थर एका झटक्यात उंबरठा ओलांडतो. डीएमएसओ मात्र लेड आयोडाइडला धरून राहतं आणि मधली अवस्था तयार होते. त्यामुळे वाढ सावकाश होते. बीजं झटपट पडावीत आणि वाढ संथ व्हावी, असं हे गणित आहे.

सुरुवातीसाठी १००० फेरे प्रति मिनिट वेगाने १० सेकंद, मग ४००० ते ५००० वेगाने ३० सेकंद फिरवा. दुसऱ्या टप्प्याच्या साधारण मध्यावर १५० मायक्रोलीटर क्लोरोबेंझिन एका सलग धारेत सोडा. पिपेटचं टोक फिल्मपासून सेंटीमीटरभर वर ठेवा. थेंबाथेंबाने सोडलं तर वर्तुळं उमटतात. अ‍ॅनिसोल वापरल्यास योग्य वेळेची खिडकी रुंद होते आणि विषारीपणाही कमी असतो. नव्याने शिकणाऱ्यांनी त्यानेच सुरुवात करावी.

ही खिडकी काचेवरची धरू नका. शीटची ओलं होण्याची तऱ्हा, तापमान आणि कडेचा आकार वेगळा असल्यामुळे क्षण काही सेकंदांनी सरकतो. दोन-दोन सेकंदांच्या अंतराने सोडण्याची वेळ बदलत एक मालिकाच बनवा, बाकी काहीही बदलू नका. योग्य वेळी सोडलेली फिल्म हॉटप्लेटवर जाण्याआधी फिकट तपकिरी, पारदर्शक आणि आरशासारखी चमकणारी असते. दुधी झाक आली तर बहुधा उशीर झाला आणि बीजं आधीच पडली. फार लवकर सोडलं तर द्रावण अजून पातळ असतं, ते नुसतं धुतलं जातं आणि थर खडबडीत राहतो. ग्लोव्हबॉक्समध्ये द्रावकाची वाफ साचली की हीच वेळ पुन्हा सरकते. काही फिल्म झाल्यावर हवा बदलून घ्या, नाहीतर सकाळचं आणि दुपारचं निरीक्षण जुळणार नाही.

पुढे मोठ्या शीटवर किंवा रोलवर जायचं असेल तर अँटीसॉल्व्हंट सोडून द्या. ब्लेडने किंवा स्लॉट-डायने (अरुंद फटीतून द्रावण सोडणाऱ्या साधनाने) ओला थर पसरवून त्यावर नायट्रोजनचा सपाट झोत सोडणं, किंवा काही सेकंद निर्वातात ठेवणं, या पद्धतींत झटका सगळीकडे सारखा बसतो. झोताचा कोन, अंतर आणि वेग स्थिर ठेवला की नोझल कोणता हे दुय्यम आहे.

तळाच्या पोकळ्या मात्र वरून दिसत नाहीत. थर वरून सुकतो, वर कवच धरतं, खाली डीएमएसओ अडकतं आणि तापवल्यावर निघून जाताना रिकामी जागा सोडतं. वाकवल्यावर थर पहिल्यांदा तिथूनच सुटतो. डीएमएसओचा काही भाग कार्बोहायड्राझाइडसारख्या घन पदार्थाने बदलणं हा यावरचा सिद्ध झालेला उपाय आहे. हा पदार्थ द्रावकासारखा उडून न जाता तिथेच राहतो, त्यामुळे पोकळी पडत नाही.

पायरी ५: अ‍ॅनीलिंग

हॉटप्लेटचा आकडा म्हणजे फिल्मचं तापमान नव्हे. हॉटप्लेट, काच, पीडीएमएस, शीट आणि मग फिल्म एवढे थर पार करून उष्णता वर येते. तेव्हा शीटच्या वरच्या बाजूला पातळ थर्मोकपल चिकटवून एकदा नीट मोजा आणि त्या हिशेबाने प्लेट लावा. फिल्म स्वतः १०० अंशांना २० ते ३० मिनिटं राहायला हवी. सुरुवातीला ७० अंशांवर मिनिटभर ठेवल्यास द्रावकाला बाहेर पडायला अवधी मिळतो. तिथे फार रेंगाळू नका, कारण कमी तापमानाला पिवळी, वीज न देणारी अवस्था मूळ धरते. जास्त तापवलं किंवा जास्त वेळ ठेवलं तर सेंद्रिय भाग उडतो आणि सीमांवर लेड आयोडाइड साचतं. त्याचा थोडा अंश दोष झाकतो, पण जास्त झाला की तो ठिसूळ पदर ठरतो.

थंड करणंही कृतीचा भाग आहे. पेरोव्हस्काइट प्रति अंश ४० ते ५० पीपीएम (दशलक्षांश) प्रसरण पावतो, काच १० पेक्षा कमी. काचेवर १०० अंशांवरून खाली येताना थर आकसू पाहतो, काच आकसू देत नाही, आणि सुमारे पाव टक्का ताण थरात कायमचा राहतो. प्लॅस्टिकचं प्रसरण या दोघांच्या मधे असल्याने फरक कमी पडतो. वाकणाऱ्या घटाला मिळालेला हा नैसर्गिक फायदाच आहे. पण शीट गरम असतानाच काचेवरून सोलली तर तो हातचा जातो. प्लेट बंद करा, शीट तिच्यावरच थंड होऊ द्या, मग सोडवा.

आणखी एक सुंदर युक्ती आहे. शीट किंचित बहिर्वक्र वळवलेली ठेवून अ‍ॅनील करायची, फिल्म बाहेरच्या बाजूला. नंतर सपाट केली की थर हलका दाबला जातो. दाबाखालच्या थरात तडे सहज उघडत नाहीत. त्यासाठी वक्र आधार अगदी एकसारखा तापला पाहिजे, म्हणून सपाट पद्धत पक्की बसल्यावरच याकडे वळा.

पायरी ६: सीमा बांधणे

ग्रेन मोठे केले की सीमा कमी होतात आणि वीज सुधारते. पण मग वाकताना येणारा सगळा ताण उरलेल्या मोजक्या सीमांवर येतो. म्हणून ग्रेन थराच्या जाडीएवढे किंवा थोडे मोठे झाले की आकाराचा पाठलाग थांबवावा आणि सीमांकडे वळावं. दोन मार्ग चांगले आहेत. द्रावणातच अगदी कमी प्रमाणात ट्रायमिथिलॉलप्रोपेन ट्रायअ‍ॅक्रिलेटसारखा रेणू घालायचा. अ‍ॅनीलिंगमध्ये तो सीमांवर जोडला जाऊन जाळं विणतो. किंवा पॉलियुरेथेनसारखा लवचीक पॉलिमर घालायचा. त्याचे ऑक्सिजनयुक्त गट लेडला धरतात आणि साखळी ताणाखाली लांबते. प्रमाण वाढवलं तर हाच पॉलिमर विजेला अडथळा ठरतो. तेव्हा वजनाच्या एक टक्क्याहून कमी प्रमाणापासून वर चढा आणि फिल फॅक्टर (घटाच्या विद्युत गुणवत्तेचं एक माप) घसरू लागला की मागे या.

पृष्ठभागासाठी फेनेथिल अमोनियम आयोडाइड, एक मिलिलीटर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये एक ते दोन मिलिग्रॅम, फिरत्या फिल्मवर सोडून काही मिनिटं १०० अंशांना ठेवा. जाड थर नको, कारण तो इलेक्ट्रॉनची वाट अडवतो.

पायरी ७: तपासणी

एक्सआरडीमध्ये (क्ष-किरण विवर्तनाच्या आलेखात) १४ अंशांजवळचं शिखर पेरोव्हस्काइटचं, १२.७ जवळचं लेड आयोडाइडचं आणि ११.८ जवळचं नको असलेल्या पिवळ्या अवस्थेचं. २६ अंशांच्या आसपासचं जोरकस शिखर पीईटीचं स्वतःचं असतं. त्याला स्फटिकाची प्रगती समजू नका. नुसत्या शीटचा आलेख आधी काढून ठेवा. शिखराच्या रुंदीवरून ग्रेनचा आकार काढण्याचं सूत्र शंभर-दोनशे नॅनोमीटरच्या पुढे विश्वासाचं राहत नाही, आणि रुंदीत ताणाचाही वाटा असतो.

सूक्ष्मदर्शकात पृष्ठभागापेक्षा छेद पाहा: ग्रेन तळापर्यंत सलग आहेत का, तळाशी काळ्या पोकळ्या आहेत का? छेदासाठी प्लॅस्टिक कातरीने कापू नका. शीट द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून मोडा. शीट पारदर्शक असल्याने फोटोल्युमिनेसन्स (प्रकाश पडल्यावर फिल्मने स्वतः सोडलेला प्रकाश) दोन्ही बाजूंनी मोजता येतो. वरून तेजस्वी आणि खालून मंद दिसली तर दोष तळाशी आहे, पायरी २ आणि ४ कडे परत जा.

पायरी ८: वाकवून पाहणे

वाकवताना पृष्ठभागावरचा ताण म्हणजे ढोबळमानाने शीटची जाडी भागिले वक्रता-त्रिज्येची दुप्पट. १२५ मायक्रॉनची शीट ५ मिलिमीटर त्रिज्येत वाकवली तर १.२५ टक्के, ५० मायक्रॉनची असेल तर अर्धा टक्का. आयटीओ एक-दीड टक्क्याच्या आसपास तडकू लागतो. म्हणजे जाड शीटवर स्फटिक कितीही सुधारला तरी आधी इलेक्ट्रोडच जाईल. वरचं संरक्षक आवरण शीटइतक्याच जाडीचं आणि कडकपणाचं घेतलं तर सक्रिय थर मधल्या तटस्थ पातळीवर येतो आणि त्याच्यावरचा ताण जवळपास नाहीसा होतो. माझ्या मते हा सर्वांत परिणामकारक उपाय आहे.

चाचणी फिल्म बाहेरच्या बाजूला ठेवून आणि आतल्या बाजूला ठेवून, दोन्ही प्रकारे करा. १००, १००० आणि १०,००० वाकण्यांनंतर थांबून कार्यक्षमतेसोबत आयटीओचा रोधही नोंदवा. रोध स्थिर असताना कार्यक्षमता घसरली तरच स्फटिकाला किंवा त्याच्या सांध्यांना दोष द्या. रोधही वाढला असेल तर शीट पातळ करणं किंवा इलेक्ट्रोड बदलणं हे आधीचं काम आहे.

साधी पीईटी दिवसाला प्रति चौरस मीटर काही ग्रॅम बाष्प आत सोडते. पेरोव्हस्काइटला त्याच्या हजारपट चांगला, शक्य तर त्याहूनही घट्ट अडसर लागतो. तेव्हा बॅरियर फिल्म दोन्ही बाजूंना हवी आणि कडा रुंद चिकटपट्टीने बंद हव्यात, कारण बाष्प बहुतेक वेळा कडेनेच येतं. अंगावर वापरायच्या घटासाठी शेवटची तपासणी शिशाचीच असावी: वाकवून झालेला बंद घट कृत्रिम घामाच्या द्रावणात बुडवून ठेवा आणि त्या द्रावणात उतरलेलं शिसं मोजा. अखंड घटासोबत मुद्दाम कोपरा कापलेला घटही बुडवा. त्यातून शिसं बाहेर पडत असेल तर आवरणाच्या आतल्या बाजूला शिसं धरून ठेवणाऱ्या फॉस्फोनिक किंवा सल्फोनिक गटांच्या पॉलिमरचा थर घाला आणि चाचणी पुन्हा लावा.